अंड्याचा भाव ग्रॅमात : नागपुरातल्या गिट्टीखदानच्या एका डब्याच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल अंडाकरीचे डबे गेले. रात्री रिकामा डबा परत करताना एक पोरगा दारातच म्हणाला, "काकू, अंडं लहान होऊन राहिलं का दिवसेंदिवस?" हसतच म्हणाला, पण म्हणाला. जिना उतरता उतरता दुसऱ्याने जोडलं, "दिवाळीला तेही घरी गेलं होतं, वाळून आलं."

माझे सध्या बेचाळीस डबे आहेत. बुधवारी अंडाकरी, रविवारी करी नाहीतर भुर्जी, डब्याला दोन अंडी. म्हणजे आठवड्याला १६८. आजवर गल्लीतला किराणावाला सात रुपयाने घरपोच द्यायचा. दिवाळीनंतर सुपरमार्केटात तीस अंड्यांच्या ट्रेवर पिवळी पट्टी दिसली, १९८ रुपये. नगाला सहा साठ. चाळीस पैसे वाचले तर आठवड्याला सदुसष्ट रुपये होतात, गॅसला तेवढाच हातभार, असा हिशेब करून मी तिकडे वळले. आता प्रश्न असा की अंडं खरंच लहान आलं की दिवाळीचं खाऊन पोरांची भूकच मोठी झाली?

मुलाच्या जुन्या प्रयोगवहीत पन्नासेक कोरी पानं सापडली. डाव्या बाजूला आकडे, उजव्या बाजूला बाकी सगळं, असं ठरवलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काटा सुनेचा, केकसाठी घेतलेला, एकेक ग्रॅम दाखवणारा. त्यावर विश्वास किती ठेवायचा म्हणून किराणावाल्याकडून पितळेचं ५० ग्रॅमचं माप मागून आणलं. तिन्ही वेळा बरोबर ५० आले. (माप देताना तो म्हणाला, "वहिनी, माझा काटा तपासता का?" त्याला वाटलं, कोणीतरी तक्रार केली.)

अंडं सपाट काट्यावर ठेवलं की गडगडतं. पहिलं ओट्यावरून घरंगळलं, दुसऱ्या हाताने धरलं म्हणून वाचलं. मग छोटी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि वाटीत एकेक अंडं ठेवत गेले. टोकदार भाग खाली, बोथट वर.

सुपरमार्केटचा ट्रे, तीस अंडी: एकूण १४८५ ग्रॅम. सरासरी ४९.५. सगळ्यात लहान ४३, सगळ्यात मोठं ५६. एकाच ट्रेमध्ये तेरा ग्रॅमचा फरक! म्हणजे एका पोराच्या डब्यात ८७ ग्रॅमची जोडी जाते आणि दुसऱ्याच्या डब्यात ११० ची. आणि दोघं एकाच खोलीत राहतात.

१०० ग्रॅमला पडले १३ रुपये ३३ पैसे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी करी आटोपून बाकीच्यांची खरेदी केली.

किराणावाला, सुटी डझनभर, ८४ रुपये. वजन ६३४ ग्रॅम, सरासरी जवळपास ५३. शंभर ग्रॅमला १३.२५.

इथेच मी थांबले. नगाला चाळीस पैसे स्वस्त म्हणून ज्याला सोडलं, तो शंभर ग्रॅमाला आठ पैशांनी स्वस्त निघाला. शिवाय घरपोच. सुपरमार्केटात जायला माझी स्कूटी पेट्रोल पिते ते वेगळंच.

त्याच सुपरमार्केटातला सहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा सुबक डबा, ६६ रुपये. वजन ३४८, सरासरी ५८. अंडी खरंच मोठी आणि स्वच्छ, पण शंभर ग्रॅमला जवळपास १९ रुपये. डब्यावर गवत, सूर्य आणि हसरी कोंबडी. त्या सूर्याचे किती आणि कोंबडीचे किती, ते पावतीवर येत नाही.

मग सदरला 'मंगळवारी' नावाच्या बाजाराजवळच्या ठोकवाल्याकडे गेले. त्याच्याकडे छतापर्यंत ट्रे. मी "ट्रे केवढ्याला?" विचारलं तर त्याने उलट विचारलं, "कोणता माल?" म्हणजे आकाराप्रमाणे निवड आधीच होते, फक्त ती आपल्यापर्यंत पोचत नाही. मधला माल १९२ ला घेतला. घरी तोलला: १६२६ ग्रॅम, सरासरी ५४.२. शंभर ग्रॅमला ११.८१.

चार प्रकारचा माल, चार भाव. नगाच्या हिशेबाने सुपरमार्केटचा ट्रे दुसऱ्या नंबरवर स्वस्त होता, ग्रॅमाच्या हिशेबाने तिसऱ्यावर घसरला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डबेवाल्या पोरांत एक व्हेटर्नरी कॉलेजचा आहे, सेमिनरी हिल्सवरून जेवायच्या वेळी बरोबर उगवतो. त्याला वही दाखवली. तो जेवता जेवता इतकं बोलला की भात गार झाला.

त्याचं पहिलं म्हणणं, आकार आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी, लोक एकात एक घालतात. ॲगमार्कच्या नियमात आकार वजनावर ठरतो: ६० ग्रॅम आणि वर म्हणजे एक्स्ट्रा लार्ज, ५३ ते ५९ लार्ज, ४५ ते ५२ मीडियम, ३८ ते ४४ स्मॉल. प्रत मात्र ए आणि बी, आणि ती ठरते टरफल किती स्वच्छ नि धड, आतला हवेचा कप्पा किती खोल, पांढरं किती घट्ट आणि पिवळा बलक मध्यावर आहे का यावर. एवढुसं अंडंही ए प्रतीचं असू शकतं आणि भलं मोठं बी. अंड्यांना ही प्रतवारी सक्तीची नाही, म्हणून बहुतेक ट्रेवर यातलं काहीच छापलेलं नसतं.

मंगळवारचा ट्रे या मापात बसवून पाहिला: ४ स्मॉल, १९ मीडियम, ७ लार्ज. ठोकवाल्याच्या ट्रेमध्ये एकही स्मॉल नाही. दारातला पोरगा खोटं बोलत नव्हता तर!

दुसरं म्हणणं असं की अंड्याच्या आकारामागे मुख्यतः कोंबडीचं वय असतं. अठरा-वीस आठवड्यांची झाली की ती अंड्यावर येते, तेव्हाची अंडी लहान. वय वाढत जातं तसं अंडंही वाढतं. नव्या कळपाचा माल स्वस्तात निघतो आणि जिथे लोक नगावर भाव बघतात तिथे तो खपतो. लबाडी म्हणता येणार नाही. ट्रेवर "३० नग" लिहिलंय आणि आत तीसच नग आहेत. पाकिटावर एककाचा भाव छापायचा नियमही पाळलाय, पण जी वस्तू नगाने विकतात तिचा एकक नगच. साखरेच्या पिशवीवर वजनाचा भाव वाचता येतो, अंड्यांच्या ट्रेवर नाही.

शेजारी बसलेल्याने मध्येच विचारलं, "हे बॉयलरचे अंडे ना?" आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, मीही म्हणते. व्हेटर्नरीवाला कळवळला. ब्रॉयलर मांसासाठी वाढवतात, सहा-सात आठवड्यांत तिचा कारभार आटोपतो, ती अंडं कधी देणार? अंडी देते ती लेअर. त्याला म्हटलं, बाबा, तू शब्द सुधारत बस, मी तोवर पोळ्या करते.

आज एक प्रयोगही लावला: ठोकवाल्याच्या मालातली दहा अंडी टोपलीत ओट्यावर (५४१ ग्रॅम), दहा फ्रिजमध्ये (५४३ ग्रॅम). दोन आठवडे हात लावायचा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

भुर्जीचा दिवस. माझी एक पक्की समजूत होती की लहान अंड्यात टरफलच जास्त असतं, म्हणून लहान अंडं दुप्पट महाग पडतं. फोडताना टरफलं वेगळी ठेवली. लहान दहा अंडी (सरासरी ४४) : टरफल ५२ ग्रॅम. मोठी दहा (सरासरी ६०) : टरफल ६६ ग्रॅम. म्हणजे लहानात शेकडा बारा, मोठ्यात शेकडा अकरा. समजूत गेली. एका टक्क्यासाठी कोणी डोकं खाऊ नये, सरळ वजन धरावं.

टरफलं तुळशीला आणि कढीपत्त्याला.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. पोरं मत द्यायला गावी गेली, डबे फक्त अकरा. सकाळीच शाई लावून आले आणि दुपारी निवांत वेळ मिळाला, म्हणून अंड्यांना उजेडात धरलं.

मागच्या कोठीच्या खोलीत खिडकीला जुनी चादर लावली, मोबाइलचा टॉर्च उभा केला, त्यावर अंगठा नि तर्जनी गोल धरून अंड्याचा बोथट भाग टेकवला. अंडं आतून शेंदरी उजळतं, अगदी आकाशकंदिलासारखं. वरच्या टोकाला एक फिकट चकती दिसते, ती हवेचा कप्पा. अंडं हळूच फिरवलं की पिवळ्या बलकाची सावली सरकते. ताज्यात ती जरा आळशी सरकते, जुन्यात पटकन टरफलाला येऊन भिडते. कप्प्याची कड पेन्सिलीने आखली आणि पट्टीने खोली मोजली.

ॲगमार्कची ए प्रत ४ मिलिमीटरपर्यंत, बी ८ पर्यंत. ठोकवाल्याची पाच अंडी पाहिली: सगळी ३-४ च्या आत. सुपरमार्केटच्या ट्रेमधली पाच: ५, ६, ५, ७, ६. पॅकिंगची तारीख पाहिली तर आणली तेव्हाच बारा दिवस झाले होते. तारीख ट्रेच्या तळाशी, वजनाच्या भाराखाली, इतक्या बारीक अक्षरात की चष्म्यावर चष्मा लावावा.

तपकिरी अंड्यांत उजेड नीट जात नाही, तिथे पाण्याचाच उपाय. खोल भांड्यात सोडायचं. आडवं पडलं तर ताजं, तळाशी उभं राहिलं तर जुनं पण चालेल, तरंगलं तर मोरीत. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी उडतं, जागा हवा घेते, अंडं हलकं होतं. पण हे नुसतं वय सांगतं. आत जंतू शिरलेत का ते पाणी सांगत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चीड आली.

तुलनेसाठी सुपरमार्केटचा आणखी एक ट्रे आणला, १९८ चाच. वरून प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टण, वरच्या बाजूने सगळी अंडी ठणठणीत. घरी वेष्टण फाडलं आणि एक अंडं उचललं तर ट्रेच निघून आला सोबत. खालून टिचलेलं होतं, पांढरं गळून पुठ्ठ्याला वाळलेलं, डिंकासारखं. अशी तीन. कोपऱ्यातल्या एकावर मुंग्यांची रांग.

परत घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, पण वेष्टण फाडलेला माल परत घेत नाहीत म्हणे. मी म्हटलं, वेष्टण न फाडता खालची बाजू मी कशी बघू? ती म्हणाली, मॅडम, उजेडाकडे धरून तिरपं बघायचं. तीस अंड्यांचा ट्रे डोक्यावर उलटा धरून बघणारी बाई त्या दुकानाला चालणार आहे का, ते मी विचारलं नाही.

धड अंडी २७, वजन १३४२. शंभर ग्रॅमला १४.७५. आतापर्यंतच्या साध्या मालात सगळ्यात महाग. हसऱ्या कोंबडीचा डबा सोडून.

टिचलेली तिन्ही फेकली. आई असती तर म्हणाली असती, नीट शिजव नि वापर. पण दुसऱ्यांची पोरं जेवतात माझ्याकडे, आणि ते अंडं केव्हा टिचलं हे मला माहीत नाही. हातात आत्ता टिचलं तर लगेच शिजवते, आधीच टिचून आलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

घाईत. करीसाठी कालच आणलेला ठोकवाल्याचा माल उकडला. ताजा, छान, ५५ ग्रॅमचा. आणि सोलताना अकरा अंड्यांची सालपटं मासासकट निघाली. खड्ड्याखड्ड्यांची अंडी. सावजी तर्री घातल्यावर कोणाला दिसलं नाही, तर्री सगळं पोटात घेते.

व्हेटर्नरीवाल्या पोराने संध्याकाळी कारण सांगितलं. ताज्या अंड्यातलं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतं. दिवस जातात तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो, पांढरं जास्त अल्कधर्मी होतं, मग पकड सुटते. म्हणून उकडायला पाच-सात दिवसांचं अंडं बरं. ताजं हाफफ्रायला.

म्हणजे "ताजं तेच चांगलं" हाही एक सरसकट गैरसमज, माझ्या धंद्यापुरता तरी. बुधवारच्या करीचा माल आता आदल्या गुरुवारी आणायचा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दोन आठवडे झाले. टोपलीतली दहा: ५४१ वरून ५२६. फ्रिजमधली दहा: ५४३ वरून ५३८.

बाहेर ठेवलेल्या प्रत्येक अंड्याचं दीड ग्रॅम उडालं. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी, ओठ फुटतात तसंच अंड्याचंही. आता मागच्या हिशेबाकडे वळून बघता येतं: सुपरमार्केटचं अंडं ठोकवाल्याच्या अंड्यापेक्षा जवळपास पावणेपाच ग्रॅमने हलकं होतं. बारा दिवसांच्या वाळण्याने त्यातला सव्वा-दीड ग्रॅम समजा. बाकीचा फरक कोंबडीच्या वयाचा.

इथे माझ्याच पद्धतीतली एक खोट लिहून ठेवते. उडतं ते पाणी. प्रथिनं, चरबी आत जिथल्या तिथे. म्हणून जुनं अंडं ग्रॅमाला महाग दिसतं तितकं खरं महाग नसतं. पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "काकू, तुम्ही पीएचडी करून टाका बाप्पा." त्याला जास्तीची पोळी दिली नाही.

१ डिसेंबर, रविवार

सुनेचा केक बसला. तिची कृती अमेरिकन, त्यात "तीन लार्ज अंडी". तिने माझ्या उरलेल्या सुपरमार्केटच्या ट्रेमधून तीन घेतली. काट्यावर ठेवली तर तिन्ही मिळून १४७. अमेरिकेत लार्जच्या डझनाचं वजन किमान २४ औंस, म्हणजे अंड्याला सुमारे ५७ ग्रॅम, तिघांचे १७० व्हायला हवेत. तेवीस ग्रॅम कमी, म्हणजे जवळपास अर्धं अंडं गायब. तिकडे युरोपात लार्ज म्हणजे ६३ ते ७३, त्यांचं मीडियम ५३ ते ६३. आपलं लार्ज त्यांच्या मीडियममध्ये जाऊन बसतं. एकच शब्द, तीन ठिकाणी तीन वजनं. तिला म्हटलं, कृतीत अंडी मोजूच नको, फोडलेलं अंडं तोल. तीन लार्ज म्हणजे टरफलाशिवाय दीडशे ग्रॅम.

दुपारी मुलगा तपकिरी अंडी घेऊन आला, "हेल्दी असतात" म्हणून. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीचा. पांढरी लेगहॉर्न पांढरं देते, दुसऱ्या जाती तपकिरी. आतल्या सत्त्वाचा त्या रंगाशी संबंध नाही. पिवळा बलक गडद असेल तर तो खाद्याचा गुण, मक्याचा किंवा खाद्यात घातलेल्या झेंडूच्या अर्काचा. हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण चव?" मी दोन्ही उकडून, सोलून, डोळे मिटून खायला दिली. ओळखता आली नाहीत. कबूल मात्र करत नाही.

गावरानही एकदा तोललं पाहिजे म्हणून बुधवारी बाजारातून डझनभर आणली होती. १८० रुपये, वजन ४९२, सरासरी ४१. शंभर ग्रॅमला साडेछत्तीस रुपयांच्या वर. ओलं फडकं फिरवलं तर दोघा-तिघांचा रंग फडक्याला आला. चहाच्या पाण्यात बुडवलेली असावीत. ओळखीच्या माणसाकडची गावरान असेल तर आवडीने खावी, हिशेब न करता. बाजारातली नको.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात अंडं नाही. घट मांडला, आरती झाली, मग वही घेऊन बसले.

इतके दिवस ग्रॅम ग्रॅम करतेय, पण खरी गोम आज लक्षात आली. डबेवाला पोरगा ग्रॅम मोजत नाही, नग मोजतो. करीत दोन अंडी दिसली पाहिजेत. ५४ ग्रॅमची दोन दिली काय आणि ४७ ची दोन दिली काय, मला खर्च नगाचाच. म्हणून करीपुरतं लहान अंडं मला खरंच स्वस्त पडतं, आणि माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने डोळे मिटून तेच घेतलं असतं. मीही आठ दिवस तेच केलं, आणि तो दारात म्हणालाच.

भुर्जीत मात्र नग दिसत नाही. तिथे कढईत पडतं ते वजन. आजवर मी भुर्जीलाही दोन-दोन मोजून फोडत होते, सवयीने.

तर उलटं करायचं. ट्रे आणला की आधी निवडायचा. ५३ च्या वरची करीला, खालची भुर्जीला. भुर्जी नगावर नाही, डब्यामागे १०० ग्रॅम फोडलेलं अंडं या मापाने. करीत अंडं भरघोस दिसेल, भुर्जीत कोणाचं काही जाणार नाही, आणि लहान माल वाया किंवा लाजेत जाणार नाही.

मोठं अंडं किती जास्त देऊन घ्यावं याचाही अंदाज काढला. मीडियमचा मधला आकडा ४८.५, लार्जचा ५६. फरक साधारण शेकडा पंधरा. मीडियम सहा चाळीसला असेल तर लार्जला सात पस्तीसपर्यंत द्यायला हरकत नाही, त्यावर गेलं की मीडियमच बरं. दुकानात काटा नेता येत नाही, ही शेकडा पंधरा मात्र डोक्यात नेता येते.

आणि सुपरमार्केटचा तो ट्रे? ठोकवाल्याच्या नोव्हेंबरच्या भावाशी बरोबरी करायची तर तो १७५ ला यायला हवा. पिवळी पट्टी १९८ ची होती.

११ डिसेंबर, बुधवार

नवीन पद्धतीची पहिली करी. निवडलेली ८४ अंडी, आठ दिवसांची, सोलताना फक्त दोन फाटली. कोणी काही बोललं नाही. बोललं नाही म्हणजे बरं चाललंय.

१६ डिसेंबर, सोमवार

हिवाळी अधिवेशन आजपासून. काल राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, सिव्हिल लाइन्सकडे जायची सोय नाही. सदरला पोचायला पाऊण तास लागला.

ठोकवाल्याचा ट्रे १९२ वरून २०४ झालाय. मी म्हटलं, मार्गशीर्षात तर निम्म्या घरांत अंडं बंद, भाव उतरायला पाहिजे. तो म्हणाला, "ताई, गुरुवार आठवड्यात एकच येतो, थंडी सातही दिवस असते." थंडीत मागणी वाढतेच. त्यात अधिवेशनाची गर्दी, पोलिसांचा बंदोबस्त, कँटीन, टपऱ्या. भावाचं मूळ त्याच्याही हातात नाही. एनईसीसी, म्हणजे अंडी उत्पादकांची संघटना, रोज शंभर अंड्यांचा भाव जाहीर करते, तोच सगळीकडे धरतात. १९८२ पासून ही रीत चालू आहे. बघा, तिथेही शंभर नग.

गंमत म्हणजे सुपरमार्केटचा भाव आज १९८ च आहे. त्यांची पट्टी आठवड्याने बदलते, बाजार रोज. ट्रे घेतला, या वेळी उजेडाकडे तिरपा धरून, खरंच, दोन माणसं बघत होती. तारीख चार दिवसांची. वजन १५३०, शंभर ग्रॅमला १२.९४. ठोकवाल्याचा १६३२ भरला, १२.५०. अंतर बरंच कमी झालं. भाव चढत असताना सुपरमार्केट थोडं मागे राहतं, तेवढ्या दोन-चार दिवसांत तिथला ट्रे भुर्जीसाठी घ्यायला हरकत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

सुपरमार्केटचा ट्रे २१९. संपला विषय.

२१ डिसेंबर, शनिवार

व्हेटर्नरीवाल्याला विचारलं, उन्हाळ्यात काय होतं? आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हणाला, कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. खाणं कमी होतं, म्हणून अंडं लहान. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड फार बाहेर जातो, त्याने टरफल बांधायची व्यवस्था बिघडते, म्हणून टरफल पातळ. मे महिन्यात टिचलेली जास्त निघतात ती नुसती हमालाच्या हातची नसतात. वहीत मे साठी चार पानं राखून ठेवली.

धुण्याचंही विचारून घेतलं. ठेवायच्या आधी धुवायचं नाही, टरफलावरचा नैसर्गिक लेप जातो आणि छिद्रं मोकळी होतात. मळकं असेल तर कोरडं पुसून ठेवायचं, उकडायच्या आधी धुवायचं. मी वीस वर्षं आणल्या आणल्या बादलीत बुडवत होते.

२३ डिसेंबर, सोमवार

आज ठोकवाल्याकडे काटा घेऊनच गेले, पिशवीत. त्याच्या काउंटरवर ठेवला आणि ट्रे तोलायला लागले. पुठ्ठ्याचा रिकामा ट्रे आधी तोलून काटा शून्यावर. पहिला १६०५, बाजूला. दुसरा १६४८, घेतला. तिसरा १५९०, बाजूला. मागे दोन टपरीवाले उभे होते, एकाने माझ्या बाजूला ठेवलेल्या ट्रेकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "हे काहून सोडले, ताई?" मी सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "माझाही एक ठेवा बरं काट्यावर."

ठोकवाल्याने पाच मिनिटं पाहिलं. मग म्हणाला, "ताई, असं निवडून न्यायचं असेल तर ट्रेमागे चार रुपये जास्त पडतील."

मी तिथेच वही काढली. २०८ ला १६४८, म्हणजे १२.६२. न निवडता २०४ ला मागच्या सोमवारचा १६३२, म्हणजे १२.५०. काटा पिशवीत घातला आणि सांगितलं, हाताला येतील ते सहा द्या.

टपरीवाला म्हणाला, "मला मात्र तो १६४८ वालाच द्या."